आप्पा, पिवळा दिवा लागला होता

प्रिय आप्पा,

'प्रिय' लिहिलं खरं, पण लिहिताना हात अडला. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. दहाव्याला मी तुमच्याबद्दल चार शब्द बोललो, लोकांनी डोळे पुसले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण जे बोलायला हवं होतं ते त्यात नव्हतं. म्हणून हे पत्र.

परवा तुमच्या घरी बैठक झाली. पुढच्या महिन्यात विक्रमचं लग्न आहे, तुमच्याच पोराचं. काकींनी ठरवलंय की नवरदेव मारुतीच्या देवळाला तुमच्या लाल गाडीतूनच जाणार. बॉनेटवर तुमचा फोटो, फोटोला हार, आणि चालवायला मी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वाजंत्र्यांचा विषय निघाला. कोणीतरी सुदाम हलगीवाल्याचं नाव काढलं, तसे तुमचे मेहुणे म्हणाले, "त्याला नगं. त्यो पिऊन वाजवतोय. सचिनच्या वरातीत काय केलं, इसरला व्हय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं सांगू? मान खाली घालून बशीतला चहा संपवला.

किळस आली हो आप्पा. आधी माझी, आणि मग तुमची.

ती गाडी दारात आली तो दिवस आठवतो का? फौजेत बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आणि त्याच्या अंगणात दोन सीटची, उघड्या टपाची, जमिनीला पोट टेकेल अशी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार! पुण्याच्या कुणा हौशी माणसाने गिअरबॉक्सला कंटाळून विकलेली. क्लचचं पेडलच नाही, म्हणून तुम्ही गावभर सांगत सुटलात की ही ऑटोमॅटिक आहे. काकी म्हणाल्या, हिच्यात पोतंभर कांदेसुद्धा मावायचे नाहीत. तुम्ही आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाहीत.

ऑटोमॅटिक नव्हती ती. हे आपल्या दोघांना यासीन मिस्त्रींनी एकाच वेळी सांगितलं. पहिल्याच महिन्यात गाडी चौकात अडून बसली, गिअरच पडेना, तेव्हा तिला टेंपोवर चढवून आपण सांगलीला नेली होती. असल्या गिअरबॉक्सला हात लावणारा तेवढा एकच माणूस आपल्याला सापडला होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि हात पुसत म्हणाले, "सुभेदार, आतनं ही साधी गिअरचीच गाडी हाय. तुमचा डावा पाय काढलाय आन् त्या जागी पंप बसवलाय. पाय दमला तर तुमाला कळतंय. पंप दमला की ह्यो पिवळा दिवा लागतोय. दिवा लागला की गाडी बंद करायची. अर्धा तास हात लावायचा न्हाई."

असले जुने गिअरबॉक्स टिकत नाहीत असं सगळे म्हणतात, ते खरं का, हेही तुम्ही त्यांना विचारलंत. ते म्हणाले, टिकतात, पण पळवले तर. माणसाच्या चालीने तास-तास नेले की क्लच अर्धवट धरून राहतो आणि जळतो. मग कधी गिअर आपणहून सुटतो, कधी उशिरा आणि हिसक्याने पडतो. एवढं सांगून त्यांनी हात जोडले. काहीही करा, म्हणाले, पण हिला वरातीला काढू नका.

वरातीला काढू नका! आणि ते कुणाला सांगत होते? भावकीतल्या एकाही नवरदेवाला तुम्ही कधी नाही म्हटलं नाहीत. अर्ध्या मैलाची वरात, तिला तीन तास, पुढे पोरं नाचतायत आणि मागे तुम्ही इंचाइंचाने गाडी सरकवताय, डोक्याला फेटा, मिशीला पीळ. जळक्या क्लचचा वास आला की फटाक्यांचा आहे म्हणायचात. मलाही ते पटायचं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

खोटं कशाला बोलू, मला ती गाडी आवडायची. महाबळेश्वरला गेलो होतो आपण दोघंच. पसरणीचा घाट चढताना तुम्ही बोटाने गिअर टाकायचात आणि दरवेळी लहान पोरासारखे हसायचात. तुमची फौजेतली टोपी माझ्या डोक्यावर होती. बाबांच्या शेजारी बसून मी कधी इतका खूश झालेलो नाही, हेसुद्धा खरं आहे. म्हणूनच तर शिसारी जास्त येते.

माझ्या लग्नाचा शनिवार. मे महिना, दुपारचे तीन. मी तुमच्या शेजारी मुंडावळ्या बांधून बसलेलो. सुदाम आपल्या पुढे उलटा चालत होता, कारण नवरदेवाकडे पाठ करून हलगी वाजवायची नाही ही त्याच्या बापाची शिकवण. अख्खी वरात त्याने तशीच उलट्या पावलांनी काढली. देवळाची चढण लागली आणि समोरच्या मीटरच्या काचांमध्ये तो दिवा लागला. पिवळा. मी बघितला. तुम्हीही बघितलात. मी तुम्हाला म्हणालो, आप्पा, दिवा.

तुम्ही काय म्हणालात? "गप बस. अर्धा तास वरात थांबवू व्हय? लोक त्वांडात शेण घालतील."

आणि मी गप्प बसलो. गिअर सुटला, गाडी मागे सरकायला लागली. तुम्ही ब्रेक दाबलात, गिअर पुन्हा टाकलात, पडेना. अ‍ॅक्सिलरेटर दिलात. आणि तेवढ्यात गिअर पडला. गाडीने पुढे उडी घेतली ती थेट सुदामच्या गुडघ्यावर. त्याची हलगी चाकाखाली गेली. तो आवाज मला अजून वाजंत्री ऐकली की येतो.

अजून कुणाला काही कळलंही नव्हतं, आणि तुम्ही दार उघडून बाहेर पडून ओरडत होतात, "पिऊन आलाईस व्हय रं? गाडीम्होरं पडतूस?" चोराच्या उलट्या बोंबा! सुदाम शनिवार धरायचा, आप्पा. मारुतीचा उपास. त्या दिवशी सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, हे माझ्या आईला माहीत होतं, कारण तिने दिलेलं जेवण त्याने परत केलं होतं. तरी गावाने तुमचं ऐकलं. सुभेदार खोटं कशाला बोलेल?

गाडीत दोन सीटा, दिवा बघणारे दोघं. अळीमिळी गुपचिळी.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कसाबसा जगलो असतो. पण पूजेच्या दिवशी तो आला. आठवतं ना? गुडघ्याला फडकं, हातात काठी, आणि बरोबर त्याची बायको. तुम्ही ओसरीवर बसला होतात. लोकांनी त्याला इतकं ऐकवलं होतं की आपणच कुठेतरी चुकलो असं त्याला वाटायला लागलं होतं. तो तुमच्या पाया पडला. मग माझ्या पाया पडायला वाकला, त्याला वाकता येत नव्हतं, तरी वाकला. म्हणाला, "नवरदेव, तुमच्या चांगल्या दिवसाचा माझ्यामुळं बट्ट्याबोळ झाला."

मी 'असू दे' म्हणालो.

असू दे! अंगावर नवी हळद आणि तोंडात हे! आणि तुम्ही मोठ्या मनाने त्याला प्रसाद दिलात. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा सुटका झाल्याचं जे समाधान होतं ना, ते आठवलं की मला तुमच्या फोटोकडे बघवत नाही.

त्यानंतर त्याला एकाही गावाने बोलावलं नाही. पिऊन वाजवणारा कुणाला हवा? हल्ली तो लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गोण्या शिवतो, बसून करायचं काम म्हणून. मी शिरवळला कंपनीत मालाच्या तपासणीला आहे. केसभर फरक दिसला तरी लाल चिठ्ठी लावून माल परत पाठवतो, साहेब पाठ थोपटतात. येता-जाता लोणंदला दोनदा तो मला दिसला. दोन्ही वेळा त्यानेच आधी हात केला.

तुम्ही जिवंत असताना मी हे का बोललो नाही? भ्यालो. तुमचा मान जाईल म्हणून नाही, माझ्यावरचं तुमचं प्रेम जाईल म्हणून. आता तुम्ही नाही, तर मान सांभाळायला सगळं गाव बसलंय. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग जित्या माणसाबद्दल खोटं बोललेलं चालतं का हो?

यासीन मिस्त्रींना मी काल फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की गाडीनं आपलं काम केलं होतं.

तर आता ऐका. उद्या सकाळी मी लोणंदला जाणार आहे. तो गोण्या शिवतो तिथे, सगळ्या हमालांच्या देखत त्याला सांगणार आहे की तो पडला नव्हता, त्याला पाडलं होतं. तो शिव्या देईल, कदाचित काठी उगारेल. उगारू दे. विक्रमच्या लग्नात गाडी मी चालवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला चालवू देणार नाही. नवरदेव देवळाला पायी जाईल. आणि चढण लागायच्या आधी वरात थांबवून मी भावकीसमोर उभा राहीन. विक्रमला वाईट वाटेल, काकी जन्मभर बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. गाडी कोण चालवत होतं असं कुणी विचारलं, तर मी तुमचं नाव घेणार आहे, आप्पा. आणि दिवा कुणी बघितला असं विचारलं, तर माझं.

तुमच्या शेजारच्या सीटवर गप्प बसलेला
तुमचा पुतण्या,
सचिन