बिनशर्त प्रेमाचा तास

रविवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. आज धर्मशिक्षणाच्या वर्गात धडा होता, देवाचं बिनशर्त प्रेम. टीचरनी विचारलं, "देव कोणाकोणावर प्रेम करतो?" आमची नऊ वर्षांची शेरन म्हणाली, "सगळ्यांवर. तुम्ही एवढ्या ओरडता, तरी तुमच्यावरसुद्धा."

झालं! तासभर व्हरांड्यात उभी.

मी भांडायला गेले, तर टीचर म्हणतात, "सगळ्यांसमोर माफी मागू दे तिला. नाहीतर यंदा तिचं पहिलं कम्युनियन विसरा." म्हणजे देवाची अट नाही, अटी सगळ्या टीचरच्या. फादरांकडे जाऊ? ते म्हणणार, समजून घ्या. नेहमी मीच का?

तुमच्यावरसुद्धा. अख्ख्या वर्गात धडा कळलेली एकच पोर, आणि तीच बाहेर!

जेवताना शेरन म्हणाली, "मम्मी, मी सॉरी म्हणेन गं. पण काय चुकलं म्हणून सांगू?"

मी म्हटलं, "काही चुकलं नाही तुझं. सॉरी म्हणायचं नाही."

कम्युनियनच्या दिवशी बाकीच्या पोरी पांढऱ्या फ्रॉकात पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लावतील, ही माझ्याशेजारी बाकावर बसेल. बसू दे. मीही त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठणार नाही.