औंढ्याच्या फणसापर्यंतची वाट

मी, इंदिरा अनंत पानसे, निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, राहणार तळेगाव दाभाडे. गुडघे सोडले तर प्रकृती बरी आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. तळेगावचा फ्लॅट, बँकेतील ठेवी व माझ्या पाटल्या मुलगी अश्लेषा हिला मिळाव्यात. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच. अश्लेषा, तू लोणावळ्याकडे प्लॉट बघते आहेस असे कळले. सातबारा बघशीलच, तो आम्हीही पाहिला होता. जमिनीपर्यंतची वाट नकाशात आहे का ते बघ. नसेल तर खरेदीखतात लिहून घे, समोरचा कितीही देवमाणूस असो. देवमाणूस गेल्यावर त्याची मुले असतात.

२. औंढ्याचा चार गुंठ्यांचा प्लॉट आम्ही कैलासभाऊंकडून घेतला. वाट त्यांच्याच शेतातून होती. ती कागदावर घ्या, असे मी म्हटले होते. कैलासभाऊ हसले. "वैनी, तुमी घरच्या. तुमाला कोन आडवनार हाय?" आम्ही नुकतेच त्यांच्याकडे जेवून उठलो होतो. जेवल्या घरी कागद मागायची ह्यांना लाज वाटली. कैलासभाऊंनी मात्र शब्द मरेपर्यंत पाळला.

घर बांधणे जमले नाही, पण ह्यांनी तिथे फणस लावला. हे गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा त्याच फणसाच्या मुळाशी घातली. मीही तिथेच येईन असे त्यांना कबूल केले आहे.

पुढे कैलासभाऊ गेले. त्यांचा मुलगा निलेश याने पुढचे शेत विकले, तिथे बंगला झाला, भिंत उठली. विचारायला गेले तर म्हणाला, "आबांनी शब्द दिला आसंल, काकू. पन कागद कुटं हाय?" निलेशला मी माफ केलेले नाही. ह्यांची कुदळ व खुरपी, वाट होती तोवर फणसाला पाणी घालणाऱ्या सोपानला द्यावीत.

३. बंगल्याचे मालक श्री. रुचिर भागवत माणूस वाईट नाहीत. त्यांचीही ही पहिलीच जमीन, आणि वाटेबद्दल त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पण एकदा आत सोडले की वाटेवर हक्क लागेल, असे वकिलाने त्यांच्या मनात भरवले आहे. मी फाटकाबाहेर उभी राहते, भिंतीवरून दिसणारा फणसाचा शेंडा बघते आणि परत येते. रिक्षात रडू येते. वाटेसाठी दावा लावला आहे, पण निकालापर्यंत मी असेन असे वाटत नाही.

४. म्हणून औंढ्याचा प्लॉट मी श्री. रुचिर भागवत यांना विनामोबदला देत आहे. अश्लेषा, रागावू नकोस. तो त्यांचाच झाला की त्यांच्याकडे वाट मागणारे कोणी उरणार नाही, मग त्यांना भीती कशाची? अट एकच. माझी रक्षा घेऊन माझी मुलगी येईल, त्या दिवशी फाटक उघडावे.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) इंदिरा अनंत पानसे

साक्षीदार:
१. चैताली मोहन दाते, शेजारी
२. डॉ. ओंकार श्रीधर वझे

तळेगाव दाभाडे, १४ नोव्हेंबर २०२५