भाकरीचा तास

दुसरबीड, ता. १८ सप्टेंबर १९३८

चि. सरस्वतीस अ. उ. आशीर्वाद.

पुष्पाला तुझ्याकडे देऊळगाव राजाला ठेवली, ती चार बुकं शिकावी म्हणून. परवा तिचं पत्र आलं. शाळेत म्हणे भाकरी थापायचा तास, बटण लावायचा तास, आणि आरोग्याच्या तासाला आत्या अंगाची माहिती सांगते! अगं, चूल आणि सुई तिला घरीही आली असती. त्याला शाळा कशाला? तू मास्तरीण झालीस याचा मी गावभर तोरा मिरवतो, पण हे मला पटत नाही. दिवाळीला येईल ती इथेच राहील, असं ठरवलं आहे. रागाव, पण पत्र लिही.

तुझा भगवानदादा

देऊळगाव राजा, ता. २३ सप्टेंबर १९३८

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. घरी शिकवील कोण, दादा? रुखमावहिनींना जाऊन दीड वर्ष झालं. आशाबाई येतात, रांधतात, झाकून जातात. तुम्हाला तर चहाचं आधणही ठेवता येत नाही. पोर गणितात पहिली आली, हे ती लिहायला विसरली असेल. वहिनी तिला जे सांगणार होत्या ते कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सगळ्या वर्गालाच सांगते. दिवाळीनंतर तिला परत पाठवा. माया आहेच, ती भांडणातही राहू द्यावी.

तुमची सरस्वती

दुसरबीड, ता. ३० ऑक्टोबर १९३८

चि. सरूस आशीर्वाद.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पुष्पा ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी जाऊन बसली. मी खुळा, ताप आला का म्हणून विचारलं. तिने खाली मान घालून सांगितलं की आत्यानं वर्गात सांगितलं होतं तेच आहे, चार दिवस बाजूला बसते, तुम्ही भिऊ नका. भ्यालो होतो मीच.

आशाबाई लेकीकडे गेलेल्या. शेजारच्या गीताकाकू येऊन बजावून गेल्या की आता शाळा पुरे, पोरीले स्थळ पाहा. दुपार झाली तरी पोर उपाशी, म्हणून शेवटी मीच चुलीपुढे बसलो. ती कोपऱ्यातूनच सांगत होती, की पीठ एवढं पातळ काऊन केलं, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा. तीन भाकरी मोडल्या. चौथी कडेने करपली, ती तिने चवीने खाल्ली. चार दिवस असंच चाललं.

सरू, आई गेल्यानंतरही रुखमा महिन्याचे चार दिवस त्याच कोपऱ्यात बसायची. तेव्हा शेजारून माझ्यापुरतं ताट यायचं. ती काय खायची, हे मी एकदाही विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. पोरीसमोर बसून मला रडू आवरेना.

शाळा उघडेल त्या दिवशी पुष्पाला मीच बैलांच्या दमणीतून आणून सोडतो. गीताकाकूंना तसं सांगून आलो आहे. आणि तुझ्या शेजारी मुलग्यांची शाळा आहे ना, तिथल्या मास्तरांना सांग की भाकरीचा तास त्यांनीही ठेवावा. दादावर लोभ असू दे, त्याला तो फार लागतो.

तुझा भगवानदादा