करवंटीतले गोचीड मोजणीत धरण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
गोचीडताप अंदाज कक्ष, जुन्नर.

विषय: दि. १२ जुलैच्या मोजणीत राहून गेलेले १४३ गोचीड जमेस धरून आमच्या वाडीचा अंदाज नव्याने काढणेबाबत.
संदर्भ: आपल्या गणिती प्रारूपाचे पत्र, दि. २० जुलै.

महोदय,

१. अर्जदाराच्या आईने, चिमाबाईने, एक चूक केली आहे. ती कबूल करायला आई स्वतः येणार होती, पण कालवड सोडून तिचा पाय निघत नाही. सबब अर्जदार लिहून देत आहे.

२. आपले पथक जनावरांच्या अंगावरचे गोचीड मोजायला येणार, हे आदल्या दिवशी वाडीत कळले. "पावणं येणार, आन् गाय अशी दाखवायची व्हय?" असे म्हणून आईने दुपारभर बसून चंद्री गाईचे गोचीड वेचले व रॉकेलच्या करवंटीत टाकले. गाईला आंघोळ घातली. तिचे पाहून वाडीतल्या सगळ्या बायांनी तेच केले. पथकाला चंद्रीच्या अंगावर दोन गोचीड सापडले. त्या दोहोंबद्दलही आई ओशाळली होती.

३. अशा आकड्यांवरून आपल्या प्रारूपाने वाडीत ०.४ जनावर दगावेल असे काढले. पूर्णांकात ते शून्य भरते, म्हणून औषधाच्या रकान्यात 'निरंक' आले. चंद्रीला ताप चढला तेव्हा वाडीच्या नावावर एकही इंजेक्शन नव्हते. दि. २९ जुलै रोजी ती संपूर्ण दगावली. उरलेली ०.६ गाय अर्जदार परत मागत नाही. ती कशी द्यावी, हा आपल्यापुढेही प्रश्न पडेल.

४. गणिताचा दोष नाही. त्याला जे सांगितले ते त्याने खरे मानले. करवंटी सोबत जोडली आहे; तीत चंद्रीचे १४३ गोचीड आहेत. गुरांच्या डॉक्टरांनी आईला समजावले, "मावशी, रोग आधीच रक्तात गेला होता. तुमचा काय दोष?" आईने ऐकून घेतले, त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर म्हणाली, "मीच मारली."

५. आता चंद्रीच्या कालवडीला गोचीड लागले आहेत. कालपासून ती चाऱ्याला तोंड लावत नाही. आई एकही गोचीड काढत नाही व काढू देत नाही. "ऱ्हाऊ दे. सायेब मोजून जाऊ दे, मंग काढू," म्हणते, आणि हात पदरात गुंडाळून कालवडीपाशी बसून राहते.

तरी पथक तातडीने पाठवावे. मोजायला वेळ नसल्यास मोजल्यासारखे करावे, आणि आईला एवढेच सांगावे की, आता काढा.

आईच्या वतीने, आपला नम्र,
संपत भिका लोहकरे
मु. उंबरदरा, ता. आंबेगाव
दि. ९ ऑगस्ट २०२४