स्टाफच्या खुर्च्या

मंगळवार, संध्याकाळ

त्या क्लार्कचा राग अजून जात नाही. मेला! माझी सून सुनंदा घाटकोपरच्या शाळेत मावशी आहे. आज तिथे कोरोनाची लस होती. सकाळी खुर्च्या हिनेच लावल्या, आणि बसायला गेली तर म्हणतो, "मावशी, खुर्च्या स्टाफसाठी आहेत." शाळा उघडली की गेटवर पोरांचा ताप बघायला हीच उभी राहणार, आणि लस नको? बरं झालं, मी डबा द्यायला गेले. म्हटलं, "मावशी म्हणतोस ना रे? मग आईच्या बहिणीला उभी ठेवतोस?" टीचर लोक फिदीफिदी हसले. हेडबाईंनी लगेच सुनंदाला खुर्चीत बसवून लस टोचायला लावली.

नंतर तो पुन्हा ओरडला, "मावशी, खुर्च्या उचला."

सुनंदा दंड चोळत म्हणाली, "सर, स्टाफचा हात दुखतोय."

अशी सून! भाकऱ्या आज मीच थापल्या.