दोन डोक्यांचं चित्र

प्रिय ठमे,

सगळ्यात आधी धावत आली ती खालची शिंपीण, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबतेय! मागोमाग तिचा नवरा, आणि शेवटी समोरच्या मास्तरीणबाई, एकाच पायात चप्पल. मी आपली खुर्चीत बसून मटार सोलतेय. शिंपीण म्हणाली, आजी, जीव घेतलात की आमचा! मग काय, तिघं टेकले ते चांगले दोन तास. चहा झाला, पुन्हा चहा झाला, मटारही सोलून झाले. शिंप्याला एवढं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं गं. बायको बोलू देईल तेव्हा ना!

हे सगळं तुझ्या तक्त्यापायी. दुसरीपर्यंत शिकलेली मी, अक्षर लावत बसते, म्हणून तू मोबाइलवर माझ्यापुरतं पान केलंस. दिवसाची एक ओळ, ओळीत चार खण, खणात बारकी चित्रं. औषध घेतलं की गोळीवर बोट, जेवले की ताटलीवर, कुणी भेटायला आलं की दोन डोक्यांवर. चित्र हिरवं झालं की तिकडे तुझा जीव भांड्यात. घंटा मात्र घसरले-पडले तरच; ती दाबली की या दोन्ही घरांतले फोन बोंबलतात. मी तिघांना सांगितलं, मला वाटलं दार वाजलं की घंटा दाबायची. हसून हसून पुरेवाट झाली त्यांची.

ठमे, मला घंटा नीट ठाऊक होती. आणि चार महिने तुला रोज हिरवी दिसणारी ती दोन डोकी खोटी. कुणी येत नव्हतं. पण तो खण रिकामा राहिला की तू काम टाकून फोन करायचीस, आवाज रडवेला. मला ऐकवेना, मग मी रोज संध्याकाळी बोट टेकवत गेले. तू निर्धास्त झालीस, फोन रविवारवर गेला. माझं मलाच नडलं. एकटं वाटतंय, याचं चित्र तुझ्या तक्त्यात नाही, म्हणून दोन दिवस खपून हे लिहिलं. रागवू नकोस. घंटा काढू नकोस, पुन्हा उगीच दाबणार नाही. शिंपिणीलाही मीच खरं सांगेन. आता कुणी आलं तरच दोन डोकी. उद्या खण रिकामा दिसेल, दिसू दे. गुरुवारी चारला येतो म्हणालेत तिघं.

तुझीच,
आजी