पात्र तपासनीस मिळेपर्यंत

१ एप्रिल, मंगळवार

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो.

एक : आम्ही राहतो तो फ्लॅट भाड्याचा असून मालकाने तो मेअखेर रिकामा मागितला आहे. दोन : माझी पत्नी मिनल हिने नागपुरातच, मानेवाड्यात, एक घर पसंत केले आहे. तीन : ते घर ईश्वरदास नावाच्या गृहस्थांचे. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते आता मुलाकडे राहायला जाणार आहेत. चार : लागून असलेले घर त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाचे. तेथे वहिनी चंद्रकलाबाई राहतात, आणि दोन्ही घरांची मधली भिंत एकच आहे. पाच : अक्षय्य तृतीयेपर्यंत घर दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही, असा शब्द ईश्वरदासांनी मिनलला दिला आहे. सहा : मी कोणाच्या शब्दावर घर घेत नाही.

मी कॉलेजात शिकवतो आणि माझा पीएच.डी.चा प्रबंध 'मापनातील त्रुटी' या विषयावर आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्या, तो घर नुसते डोळ्यांनी पाहून घेईल काय? घराची तपासणी पात्र, प्रशिक्षित तपासनिसाकडूनच होईल. आणि तो पात्र आहे किंवा नाही, हे मी तपासेन.

मिनल म्हणाली, "आजवर जे जे घर आवडलं ते ते तुम्ही असंच घालवलं. हे घालवसान तं पाहा." हा धमकीचा सूर मी दुर्लक्षित केला.

संकल्प : या व्यवहारात एकदाही आवाज चढवायचा नाही. हात उगारण्याचा तर प्रश्नच नाही.

५ एप्रिल, शनिवार

पहिला उमेदवार. जितेंद्र, सिव्हिल इंजिनिअर. व्हिजिटिंग कार्डवर 'होम इन्स्पेक्शन' हे शब्द सोनेरी अक्षरांत. सोनेरी अक्षरे पाहूनच मला संशय आला होता.

लेखी परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका मीच काढली होती. गृहस्थ अर्ध्या वेळात पेपर टाकून चहा मागू लागला. तोंडी परीक्षेत विचारले, भिंतीतील ओलाव्याच्या मापनात त्रुटीची मर्यादा काय धराल? म्हणाला, "सर, हात लावला का समजते." मी त्याला अत्यंत संयत शब्दांत अडाणी म्हटले. त्यावर हा मनुष्य म्हणतो, "मंग तुमचीच परीक्षा घेऊ का सर? भिंतीले डोकं टेकवा. कोणतं पोकळ वाजते ते पाहू."

याच सुमारास पेपरवेट माझ्या हातातून निसटला. निसटलेला पेपरवेट जितेंद्रच्या कानाजवळून गेला आणि खिडकीच्या काचेतून बाहेर पडला. जितेंद्र दारातून बाहेर पडला. जाताना त्याने माझी प्रश्नपत्रिका फाडली, हे त्याच्या संस्कारांविषयी पुरेसे बोलके आहे.

निकाल : अनुत्तीर्ण.

१३ एप्रिल, रविवार. दुपार.

डाव्या हाताने लिहीत आहे.

आजची योजना शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होती. एकाच घराची तपासणी दोन स्वतंत्र तपासनिसांकडून, एकाच वेळी, आणि एकाला दुसऱ्याची पूर्वकल्पना न देता. पहिला सौरव. थर्मल कॅमेरा, ट्रायपॉड, गॉगल. दुसरे देवाजी, बांधकामावरचे सुपरवायझर म्हणून निवृत्त. हातात ओळंबा, काखेत छत्री.

दोघांची गाठ गच्चीवर पडली. देवाजी म्हणाले, "काहून गा, लग्नाची शूटिंग करून राह्यला का? नवरी कुठी हाय?" सौरव म्हणाला, "काका, तुमी ओळंबा लावलेली बिल्डिंग पाह्यली मी. ते बी तुमच्यासारखीच वाकली." देवाजींनी छत्री उलटी धरली. सौरवने ट्रायपॉड मिटला. मी निःपक्षपातीपणे मध्ये उभा राहिलो, त्यामुळे छत्रीची मूठ आणि ट्रायपॉडचा पाय हे दोन्ही मला समान प्रमाणात लागले. ओळंब्याचे वजन मात्र एकट्या माझ्याच उजव्या मनगटावर आले. झटापटीत टाकीचा पाइप तुटला आणि आम्ही तिघेही कारंज्याखाली सापडलो. त्या अवस्थेतही मी दोघांना अहवालाचा नमुना समजावून सांगत होतो.

खाली ईश्वरदास हात जोडून उभे. "साहेब, घर घ्याचं नसन तं नका घेऊ, पण माह्या गच्चीवर लोकं मारू नका." मी त्यांना सांगितले की मारलेला मनुष्य मी आहे. म्हणाले, "तेच तं म्हणून राह्यलो."

निष्कर्ष : एकाच्या मते घर उत्तम, दुसऱ्याच्या मते आज ना उद्या पडणार. सरासरी काढली असता घर अर्धे पडेल असे येते. दोघेही अनुत्तीर्ण.

१८ एप्रिल, शुक्रवार

पारशिवनीहून सासरे मनोहरराव आले. मला न विचारता मिनलने त्यांना घर दाखवायला नेले. परत आल्यावर तपासणीची पद्धत कोणती अवलंबिली, असे मी विचारले. म्हणाले, "जावईबापू, जेवलो, त्या मधल्या खोलीत आंग टाकलं, आन् मस्त झोप लागली. ज्या घरात भर उन्हाळ्यात झोप लागते त्या घराचं आणखी काय पाह्यता?"

मी त्यांना नमुना-निवडीचे तत्त्व समजावले. एका झोपेवरून अनुमान काढता येत नाही. ते ऐकता ऐकता पुन्हा झोपले.

मिनलने अंतिम इशारा दिला. अक्षय्य तृतीयेला इसार द्यायचा. कर्ज तिच्या बँकेतून, तिच्या नावाने मंजूर झाले आहे. "तुम्ही घर नाही, घराचा मास्तर शोधून राह्यले," असे ती म्हणाली. मी थाळी आपटली. थाळी स्टीलची असल्याने आवाज फार आला. तिनेही आपटली. तिची पितळेची होती.

संकल्पाची आठवण झाली. तो मंगळवारपासून नव्याने अमलात आणायचे ठरवले.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी घरमालकाशी फुटलेल्या काचेबाबत चर्चा. शर्टाच्या गुंड्या तुटल्या, चष्म्याची काडी वाकली. माझ्या दाताचे ठसे त्यांच्या मनगटावर कसे आले, याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद आहेत. एकूण चर्चा सौहार्दपूर्ण.

२४ एप्रिल, गुरुवार

साक्षात्कार.

नागपूर शहरात पात्र तपासनीस एकच आहे, आणि तो मी आहे. हे इतक्या उशिरा लक्षात यावे, हा माझ्या विनयाचा दोष.

तरीही नियम म्हणजे नियम. माझीच प्रश्नपत्रिका मी सोडवली आणि कठोरपणे तपासली. शंभरपैकी शहाण्णव. चार गुण हस्ताक्षराचे कापले, कारण उजवे मनगट अजून सुजलेले आहे. तोंडी परीक्षा आरशासमोर घेतली. उमेदवाराने आत्मविश्वासाने उत्तरे दिली.

खरेदी : हातोडा, छिन्नी, पिवळे हेल्मेट.

२७ एप्रिल, रविवार. संध्याकाळ. मेडिकल हॉस्पिटलमधून परतल्यावर.

कपाळावर टाके आहेत. घडले ते क्रमाने लिहितो, कारण पुढे माझ्याविरुद्ध विपर्यास होणार हे उघड आहे.

पडद्यांचे माप घ्यायचे आहे, असे सांगून मी ईश्वरदासांकडून किल्ली घेतली. माप घेणे हेही मापनच, तेव्हा हे असत्य नव्हे. ते उसाचा रस आणायला नाक्यावर गेले. मी हेल्मेट चढवून एकेक भिंत ठोकत गेलो. सर्व भिंती भरीव. मधली भिंतही भरीव. आणि अचानक, छातीच्या उंचीवर, पोकळ!

मी पुन्हा ठोकले. पोकळ. आजूबाजूला भरीव आणि तेवढीच एक जागा पोकळ. फसवणूक उघड झाली होती. जितेंद्र हात लावून समजणार होता, देवाजी छत्री चालवत होते, सौरव फोटो काढत होता, सासरे घोरत होते, आणि आतमध्ये हे! माझे रक्त उसळले. त्या सगळ्यांना मिळून मी पहिला घाव घातला. दुसरा घरमालकाला. तिसरा, खोटे कशाला लिहू, त्या पितळी थाळीला. प्लास्टर उडाले, विटा सुटल्या, मी ओरडत होतो आणि हातोडा चालत होता. शेवटची वीट पलीकडे पडली आणि धुरळ्यातून उदबत्तीचा वास आला.

भोकातून पाहिले. चंद्रकलाबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर वीट, ताम्हनात प्लास्टर, आणि देव जमिनीवर.

पोकळ जागा म्हणजे त्यांच्या देवाचा कोनाडा होता.

मी सुशिक्षित मनुष्याला शोभेल अशा पद्धतीने नमस्कार केला. उत्तरादाखल पितळी घंटा आली. ती भोकातून अचूक येऊन हेल्मेटच्या कडेखाली कपाळावर लागली आणि वाजली. पाठोपाठ त्यांचा आवाज : "काहून गा, दरवाजा दिसून नाही राह्यला का तुले? चोरबी कुलूप तोडते, तू तं अख्खी भितच तोडून राह्यला! माह्या देवायनं काय केलं होतं तुह्यं?" नंतर सहाण आली. ती मी चुकवली. नंतर त्या स्वतः आल्या, दरवाजाने.

ईश्वरदास रस घेऊन परतले. त्यांनी भोक पाहिले, वहिनींना पाहिले, जमिनीवरचे देव पाहिले. रसाचे ग्लास काळजीपूर्वक खिडकीत ठेवले. माझे हेल्मेट काढून बाजूला ठेवले. मग मारले. क्रम योग्य होता, एवढे मान्य करावे लागेल.

मार देऊन झाल्यावर त्यांनी स्पष्टीकरण दिले. भाऊ वेगळे झाले तेव्हा भिंत दोघांनी मिळून बांधली. देव थोरल्याकडे राहिले म्हणून कोनाडा त्या बाजूने सोडला, आणि भिंत एक असल्याने देव दोघांचे राहिले. चाळीसेक वर्षे ते या बाजूने त्याच जागी हात टेकवून कामाला जात. "इचारलं असतं तं सांगितलं असतं ना साहेब," म्हणाले, आणि रडू लागले. मारणारा मनुष्य रडतो तेव्हा नेमके काय करावे, यावर माझे वाचन कमी पडले.

हे घर मला विकणार नाहीत, असे ते म्हणाले.

२८ एप्रिल, सोमवार

कॉलेजला रजा. मिनल सकाळीच मानेवाड्याला गेली. गवंडी सोबत नेला. परतली तेव्हा तिच्या हाताला चिंचेचा वास होता. चंद्रकलाबाईंबरोबर बसून देव घासले, म्हणाली. माझ्या टाक्यांबद्दल त्यांच्याकडून लेखी दिलगिरी घ्यावी, असे मी सुचवले. तिने जेवण वाढले. थाळी आपटली नाही. हे मला आवडले नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया.

इसार झाला. ईश्वरदास विकायला तयार झाले, परंतु फक्त मिनलला. सातबारा, नकाशे, जे काही असेल त्यात माझे नाव नको, ही चंद्रकलाबाईंची अट. माझ्या दबावतंत्राने विक्रेता वाटाघाटीला आला, हे मिनलच्या लक्षात आलेले दिसत नाही. मी आणून दिले नाही.

१८ मे, रविवार

सामान हलवले. टेम्पोत कूलर गेला, कपाट गेले, पलंग गेला, पितळी थाळी गेली. माझी पुस्तके आणि हेल्मेट मागे राहिले. मी पायात चप्पल घालून उभा होतो. मिनल दारात थांबली आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, "तुमच्या परीक्षेत पास झालेला इन्स्पेक्टर आणा. त्यानं घर चांगलं म्हटलं का या. बिनतपासणीच्या घरात तुम्हाले कशी नेऊ मी? काही झालं तं?"

तर्क बिनतोड होता. तो माझाच होता. मी चप्पल काढली.

२५ मे, रविवार

जितेंद्रला फोन केला. त्याने आधी माझी तोंडी परीक्षा घेतली आणि मला अनुत्तीर्ण करून फोन ठेवला. देवाजी म्हणाले, "येतो, पण छत्री घेऊन येईन." सौरवने ब्लॉक केले आहे. माझी स्वतःची पात्रता मी सत्तावीस एप्रिलच्या घटनेनंतर फेरतपासली. प्रश्न अवघड निघाले.

घरमालकाने पंखा काढून नेला. भिंती पाहत सतरंजीवर पडलो आहे. सर्व भरीव आहेत.

३१ मे, शनिवार

फ्लॅट रिकामा केला. हेल्मेट आणि पुस्तकांच्या पेट्यांसह मानेवाड्याला गेलो. फाटकाला आतून कडी होती. मधल्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते. भिंत दुरुस्त झाली असावी, कारण पलीकडून चंद्रकलाबाईंचे हसणे बेताचे ऐकू आले. हाक मारली नाही. खालील मजकूर फाटकाच्या फटीतून आत सरकवला. नोंदीसाठी प्रत येथे ठेवतो.

"सौ. मिनल यांस. पूर्वतपासणीची अट मी विशेष बाब म्हणून शिथिल करीत आहे. यापुढे तपासनिसाच्या शिक्षणाचा, अनुभवाचा अथवा उपकरणांचा आग्रह धरला जाणार नाही. घरातील कोणाही व्यक्तीने 'या' एवढे म्हटले, तरी तो अहवाल मी पूर्ण व अंतिम मानीन. मी फाटकाबाहेर, पेट्यांवर बसलो आहे. ऊन उतरण्यापूर्वी कृपया उत्तर द्यावे. उत्तर लेखी असावे."